दुसऱ्या दिवशीचा वारा

रेडिओवर वारा निघायच्या दिवसाचा नव्हे, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सांगितला होता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पोलीस ॲक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. गावच्या चावडीत नवा रेडिओ आलेला. बातम्या उर्दूत, आणि गावात उर्दू शिकलेला मास्तर मी, म्हणून ऐकून सांगायचं काम माझ्याकडं. थोरली बहीण अक्का मांजरा नदीपलीकडं दिलेली, पहिलटकरीण, नववा लागलेला. आमच्यात भावानं हिरवी चोळी घेऊन जायचं आणि बहिणीला माहेरी आणायचं. शुक्रवार ठरला होता, तसा निरोपही गेला होता. नदी भरून चालली होती. जायचं कातड्याच्या गोल टोकरीतून. जोराच्या वाऱ्यात ती जागीच गरगरते, म्हणून तेव्हा कुणी पाण्यात घालत नाही.

गुरुवारी रेडिओनं शनिवारपासून जोराचा वारा सांगितला. मी घरी येऊन वडिलांना, अप्पांना, म्हटलं, उद्यापासून.

कामून असं सांगितलं? मागच्या खेपेला अक्काच्या सासऱ्यांनी मला ओट्यावरच चहा दिला होता, आत बोलावलं नव्हतं. मनात म्हटलं, बसू देत चार दिवस वाट बघत. एवढंच.

"मग सोमवारी जा," अप्पा म्हणाले. "जीव धोक्यात घालायचा न्हाई."

शुक्रवारी झाडाचं पान हललं नाही. अप्पांनी दोनदा आभाळाकडं पाहिलं. शनिवारी वारा सुटला तो पाच दिवस. अक्का शुक्रवारी बोचकं घेऊन पलीकडच्या काठावर दिवसभर बसून होती. शनिवारी, सासरचे नको म्हणत असताना, पुन्हा आली. परतताना घाटाच्या दगडावरून पडली. त्यातच बाळंत झाली; मुलगी वाचली, अक्का गेली. आम्ही पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती.

नदी ओलांडताना टोकरीवाला माझ्याकडं न बघता म्हणाला, "शुक्रवारी पाणी ताटातल्यासारखं होतं की, मास्तर. मी वाट बघायलो होतो."

काठावरच्या बायका म्हणाल्या, वाऱ्यात निघाला नाही ते बरं झालं, भाऊ तरी वाचला.

त्या मुलीला आता नववा लागलाय. तिला भाऊ नाही, चोळी मीच न्यायची. 'मामा, वारं बघूनच निघा,' असं तिनं पत्रात लिहिलंय. चोळी आणून ठेवली आहे. त्या शुक्रवारचं खरं सांगणं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.