उबेतलं बाकडं

पुरिंग आग्बायानीने एकदा भाताचं पातेलं शेगडीवर चढवलं आणि तिचा डोळा लागला. घरभर धूर झाला, इमारतीचा भोंगा वाजला आणि अग्निशामकवाले दार फोडून आत आले. त्या दिवसापासून तिच्या मुलीने, मारिलूने, आईला घरी एकटं ठेवणं बंद केलं. किल्लीही काढून घेतली. दवाखान्यातल्या नोकरीवर जाताना ती रोज सकाळी आठला आईला कॅनडातल्या विनिपेग शहराच्या भर मध्यवस्तीत, एका काचेच्या टॉवरच्या दारात उतरवायची आणि साडेपाचला तिथूनच गाडीत घ्यायची.

"आत सगळीकडे ऊब आहे, दुकानं आहेत. फीर जरा," मारिलू म्हणाली. "आणि हे बघ, आणखी एक तक्रार आली तर मी तुला सरळ वृद्धाश्रमात ठेवणार."

पुरिंग शहात्तर वर्षांची. ऐन तरुणपणी फिलिपिन्सहून ती इथल्या कपड्यांच्या कारखान्यात आली आणि सत्तावीस वर्षं तिने थंडीच्या कोटांना चेनी शिवल्या. एवढ्या वर्षांत ही मध्यवस्ती तिने बसच्या खिडकीतूनच काय ती पाहिलेली. आता ती तिला पाठ झाली. एका टॉवरमधून दुसऱ्यात जायला रस्त्याच्या वरून बंद काचेचे पूल होते. दिवसभर हिंडलं तरी बाहेरचा वारा लागायचा नाही. कुठल्या खाण्याच्या जागी कॉफी संपली की पेला उचलून नेतात, वाचनालयात कुठल्या खुर्चीवर डुलकी चालते, कुठली बाकडी लोक बसतात म्हणून काढून टाकलीत, हे सगळं तिला लेस्टरने शिकवलं.

लेस्टर इथल्या मूळच्या क्री जमातीचा, उत्तरेकडच्या एका तळ्याकाठचा, सत्तरीला आलेला. रेल्वेत राबून कंबर गेली, मग बायको गेली, मग खोली. तो बेघरांच्या निवाऱ्यात झोपायचा आणि तिथून सगळ्यांना सकाळी सातला बाहेर काढत. तो तिला चिडवायचा, "तुला बाई गाडीने आणून सोडतात. मोठ्या घरची तू." ती डब्यातलं अर्धं अडोबो, म्हणजे तिच्याकडचं आंबटसर मटण, आणि भात त्याच्यापुढे सरकवायची. तो आधी नको म्हणायचा, मग बोटं चाटेपर्यंत खायचा. असं दोन हिवाळे चाललं.

तिसऱ्या हिवाळ्यात, बाहेर उणे चौतीस असताना, दोघं पुलाजवळच्या बाकड्यावर बसले होते. गुरतेज नावाचा रखवालदार आला. नव्या मॅनेजरकडे कुणीतरी लेस्टरची तक्रार केली होती. त्याने लेस्टरला उठायला सांगितलं. लेस्टर उठला आणि चार पावलांवर उभा राहिला. मग गुरतेज पुरिंगकडे वळला. आवाज मऊ होता.

"आंटी, हा तुमच्या सोबतचा आहे का? सोबत असाल तर तुम्हालाही उठावं लागेल."

पुरिंगच्या डोळ्यांपुढे मारिलू आली. डब्याचं झाकण लावत ती म्हणाली, "नाही. मी नाही ओळखत."

"मग बसा तुम्ही. तुम्हाला कोण काही म्हणत नाही."

लेस्टरला जिन्याने खाली नेलं. काचेतून तिला तो दिसला. हात काखेत घालून रस्ता ओलांडत होता. त्या दिवशी वाचनालय बंद होतं.

पुढचे नऊ दिवस तो दिसला नाही. दहाव्या दिवशी वाचनालयातल्या बाईने सांगितलं, तो इस्पितळात आहे, डाव्या पायाची चार बोटं थंडीने गोठली, कापावी लागली. तिने वॉर्डचा नंबर कागदावर लिहून दिला. पुरिंगने गाडीत मारिलूला विचारलं, नेशील का? मारिलू म्हणाली, रस्त्यावरचा माणूस, आपल्याला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी पुरिंग एकटीच बसने गेली. लेस्टरने डबा घेतला, सगळा संपवला, तोंड पुसलं.

"ऐकलं मी तेव्हा," तो म्हणाला. "शहाणपण केलंस. दोघांना काढलं असतं."

"मी घाबरले होते, लेस्टर."

"माहीत आहे." त्याने पायाच्या बँडेजवर चादर ओढली. "पण आता येऊ नकोस. तू दिसलीस की मला ते ऐकू येतं."

परतताना तिला बस चुकीची मिळाली. मारिलू टॉवरच्या दारात तासभर उभी होती. तिने रखवालदारांना विचारून सगळी इमारत पालथी घातली होती. आईला बघून तिने गाडीचं दार उघडलं. महिनाअखेरीस तिने शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात जागा मिळवली.

तिथल्या अर्जात भेटायला येणाऱ्यांची नावं द्यायची होती. मारिलूने आपलं लिहिलं.

"आणखी एक लिही," पुरिंग म्हणाली. "लेस्टर."

"आडनाव?"

पुरिंगने आठवून पाहिलं. तिने ते कधी विचारलंच नव्हतं.

मारिलूने ती ओळ कोरीच ठेवली आणि खाली सही केली.