बाजारातला साधू आणि आमचा पास्कल

पास्कल गेल्याची बातमी परळच्या नाक्यावर त्याच्या शेजाऱ्याने मला दिली, तेव्हा मला रडू आलं नाही, संताप आला. छातीच्या दुखण्याने गेला म्हणतात. म्हणोत.

गिरगावातल्या मिशनच्या शाळेत आम्ही दोघे मराठी शिकवायचो. शाळा सुटली की पास्कलला एकच ध्यास... पाचशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेलेल्या, गरिबीचं व्रत पाळणाऱ्या फ्रान्सिस्कन पंथातल्या एका साधूचं चरित्र. हा अनवाणी साधू लॅटिन सोडून भरबाजारात, लोकांच्या बोलीत प्रवचनं करायचा, सावकारांना तोंडावर सुनवायचा. पंडितांनी त्याला पाखंडी ठरवू पाहिलं, तरी तो बोलत राहिला, लिहीत राहिला. लिहून झालेलं प्रकरण पास्कल काळाचौकीच्या आपल्या चाळीत वाचून दाखवी. गिरणीतले गडी, नुकतीच बौद्ध झालेली कुटुंबं, सगळे ऐकायला बसत. "मास्तर, ह्यो तर आपल्यातलाच की!" असं एक म्हातारा म्हणाला, तेव्हा पास्कलचा चेहरा काय उजळला होता!

चरित्र पुरं झालं ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. धार्मिक पुस्तकं छापणाऱ्या समितीच्या प्रमुख फादरांकडे मीही सोबत गेलो. ते म्हणाले, "मास्तर, इंग्रजीत करून आणा. मराठी सध्या मोर्च्यांची भाषा झालीय."

"फादर, हा माणूस बाजारात बोलला म्हणून संत झाला," पास्कल म्हणाला. "त्याला मी साहेबाच्या दिवाणखान्यात नेऊन बसवू?"

थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. कारण काय, तर राजकारण! ज्याने जन्मात एक घोषणा दिली नाही, त्याचं राजकारण! शिकवण्या करत करत तो झिजला...

दफनाच्या वेळी त्याच फादरांनी त्याचे गोडवे गायले. इंग्रजीत. पास्कलच्या आईने माझी बाही ओढली. "काय म्हणतायत रे?"

"तुमचा मुलगा फार थोर होता म्हणतायत."

"मग तो जिता असताना का नाय म्हणाले?"

गेल्या आठवड्यात समितीची माणसं तिच्या दारात आली. मी आतच होतो. चरित्र आता छापायचंय म्हणे, त्याच्या स्मरणार्थ. इंग्रजी भाषांतर तेच करून घेणार. म्हातारीने उंबऱ्यातूनच विचारलं, "मराठीत छापाल?" "इंग्रजीतच," त्यातला एक म्हणाला.

"तर मग या तुम्ही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मग ती पास्कलच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची अजून खिडकीशीच आहे. खाली भाजीवाल्यांचा कालवा चालला होता. तिला त्रास नको म्हणून मी खिडकी लावायला उठलो.

"राहू दे उघडी," ती म्हणाली. "त्याला बंद चालायची नाय."