कोल्हा आडवा जाण्याची वेळ

मी तेव्हा पेणजवळ खाडीकाठच्या एका गावात नर्स होते. रोज सकाळी नवाच्या सुमारास लसींचा डबा मोपेडच्या मागे बांधायचा आणि खाडीच्या बांधावरून जाणाऱ्या रस्त्याने आरोग्य उपकेंद्राकडे निघायचं. एका हाताला भाताची खाचरं, दुसऱ्या हाताला मिठागर आणि त्याच्यापलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची दाटी. रस्ता अरुंद, पण रिकामा. त्यामुळे मी गाडी चांगलीच पळवत असे.

थंडी नुकतीच सुरू झाली होती. कापलेल्या भाताच्या बाजूने काहीतरी करडं-तांबूस उठलं आणि थेट रस्त्यावर आलं. कुत्रा समजून मी हॉर्न दाबला. ते पळायचं सोडून थांबलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. मी हॅन्डल वळवलं, चाक खडीवरून सरकलं आणि मी गाडीसकट बांधाच्या उतारावर.

मिठागरात काम करणारी एक बाई हातातलं फावडं टाकून धावत आली.

"लागला काय गो?"

"कोपर खरचटलंय. कुत्रा आला मध्ये."

ती हसायलाच लागली. "कुत्रा कुठला? कोला व्हता तो. त्याची येल हाय ही."

"कसली वेळ?"

"सुकतीची. खारीचा पाणी उतरला का तो तिवरांत जातो, चिंबोऱ्या खायला."

माझं माहेर रोह्याचं. तिकडच्या रस्त्यांवर रानडुकरं येतात, वानरं येतात, हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ओहोटीची वेळ साधून खेकडे खायला बाहेर पडणारं जनावर मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी मी मुद्दाम हळू गेले. रस्ता मोकळा. ती बाई मिठागरातूनच ओरडली, "नर्सबाय, आज पाऊण तास उशिरा! पाणी रोज पुढं सरकतो ना!"

मी गाडी लावून खाली उतरले आणि तिच्याकडून सगळा हिशेब समजून घेतला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चवथीला तीन वाजता भरती, तिथून सहा तासांनी, नवाला, सुकती. आमची खाडी आत असल्यामुळे पाणी आणखी तासभर रेंगाळतं. म्हणजे उतरत्या पाण्याच्या मागोमाग कोल्हा निघणार तो नेमका माझ्या वेळेला, चवथ-पंचमीच्या आसपास. घरी आल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पडले तो दिवस चतुर्थीचाच होता. पुढच्या पंधरवड्यातल्या चतुर्थीवर मी पेनने गोल केला.

मधल्या रविवारी रोह्याला गेले. वडिलांनी आयुष्यभर ट्रक चालवला होता. त्यांनी कोपरावरची पट्टी पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक कोल्ह्याची नाय, तुझी हाय. जनावर दिसलं की हॅन्डल फिरवायचं नाय. आधी वेग सोडायचा, मग सरळ रेषेत ब्रेक. हॉर्नने ते गोंधळतं आणि जागीच थिजतं."

"आणि ते गेलं की निघायचं?"

"लगेच नाय. मागं दुसरं असतं."

"नेहमी?"

"नेहमी नाय. पण असेल तो दिवस आपल्याला कुठं ठाऊक असतो?"

गोल केलेला दिवस उजाडला. मी पडले होते तिथल्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी सोडायच्या दाराच्या अलीकडेच मी वेग उतरवला. दहिवर पडून रस्ता ओला झाला होता. आणि खरंच, सव्वानऊला कोल्हा बांधावर चढला! मी हॉर्नला हात लावला नाही. सरळ थांबले. त्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि डांबरावरून घाई न करता पलीकडे उतरला. मनातल्या मनात मी वडिलांचं वाक्य म्हटलं आणि थांबूनच राहिले. काहीच येईना. मागून सायकलवर एक दूधवाले काका आले, "गाडी बंद पडली काय?" म्हणून विचारायला लागले. मला ओशाळल्यासारखं झालं. एवढ्यात त्यांच्या पुढच्या चाकासमोरून दुसरा निघाला. पहिल्यापेक्षा लहान, बारीक अंगाचा. काकांनी पाय टेकवले.

त्या दिवसापासून माझी भीती गेली आणि खोड लागली. पुढच्या पंचमीला मी गाडी बांधावर लावली आणि मिठागरातल्या त्या बाईशेजारी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली होती, कोल्हा बिळात शेपूट घालतो, चिंबोरी शेपटाला धरते आणि मग तो तिला ओढून काढतो. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. कोल्हा चिखलात उतरला, एका बिळाशी नाक नेलं आणि पुढच्या पायांनी भराभर उकरायला लागला. दोन मिनिटांत चिंबोरी त्याच्या तोंडात. शेपूट तसंच मागे लोंबत होतं.

"बघा, शेपूट कुठे घातलं त्याने?" मी विचारलं.

बाई जराही डगमगली नाही. "तू बगतस ना गो," ती म्हणाली. "परक्या मानसाम्होरं कसा घालंल?"

उपकेंद्रात पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. बाळं घेऊन बसलेल्या बायांनी कारण विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. त्यातल्या दोघी-तिघी जणींनी मला हेच विचारलं, की त्याने बिळात शेपूट घातलं का नाही.