काकू, सुई आणि माझ्या पेशी

गेल्या रविवारी लोणखेड्याला घरी पोहोचले आणि चहाच्या आधी भांडणच झालं... काकूशी. आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिच्याशी.

काकूच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं, तर ही बाई घरात बसून! आमच्याकडे पक्की समजूत... गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरते.

"मन्हा आंगले सुई लागू देवाव नही," काकूचं एकच. वर मलाच ऐकवलं, "तूच सांगस ना, हाई पसरस म्हनीसन?"

कॅन्सर शरीरात कसा पसरतो, यावरच मी पीएचडी करतेय. माझ्या कामातलं तेवढंच एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ... आणि तेच माझ्यावर उलटलं. चिडले, रडले, जेवले नाही. काकू ढिम्म.

पण मीही तिनेच वाढवलेली. हट्टात कमी कशी पडेन? दुपारी ती केळीच्या बागेत निघाली, तशी मागोमाग गेले. बांधावर बसवून मोबाईलवर लॅबमधला व्हिडिओ लावला... मायक्रोस्कोपखालच्या कॅन्सरच्या पेशी. एखादी घोळक्यातून सुटते आणि हळूहळू सरकत पुढे निघते.

काकूने दोनदा पाहिला. मग विचारलं, "याले सुई कोनी टोची?"

कोणीच नाही, म्हटलं. त्या आपल्या आपण निघतात काकू, सुईची वाट बघत नाहीत. उशीर केला तर त्यांचंच फावतं.

ती उठली. समोर हरण्या रोगाने पिवळं पडलेलं केळीचं एक रोप होतं. असं रोप दिसलं की बाकीची बाग वाचवायला काकू ते लगेच उपटते. त्या दिवशीही उपटलं. हात झटकत म्हणाली, "सकायेच चाल दवाखानामा."

दवाखान्यात शेजारी एक बाई डोळे पुसत बसली होती, तीही सुईलाच घाबरलेली. मी तोंड उघडायच्या आत काकूच तिला सांगायला लागली, "घाबरू नको माय. हाई सुईनी वाट पाहत नही."

काकूने सुई टोचून घेतली, आता रिपोर्ट यायचाय. भीती वाटते... खूप वाटते. पण काहीही आलं तरी उपचार घेणार, हे काकूनेच जाहीर केलंय.

उद्या मी लॅबमध्ये परत जातेय. त्या पेशी थांबत नाहीत, काकू आता थांबणार नाही... मग मी तरी का थांबू?