कमी दाब

ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार. गच्चीवर हजर: मी, सासूबाई आणि घमेलंभर कालवलेलं सिमेंट.

पाऊस यायच्या आत गच्चीची भेग बुजवायची होती. भेगेखालीच सासूबाईंचा पलंग आहे. सकाळी बातम्यांत सांगितलं, ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा.’ आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. सासूबाईंनी ‘कमी दाब’ एवढंच ऐकलं आणि नळ होता तोवर घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं.

“आई, हा दाब हवेचा,” मी म्हणाले. “तो कमी झाला की चहूकडून वारं तिकडं धावतं, वर चढतं, गार होतं आणि त्याचे ढग होतात.”

“म्हंजी आभाळालाबी नळ हाय की गं!”

आम्ही हसलो. पूर्वेकडून ढग इतके सावकाश येत होते, की आपली गच्चीच त्यांच्याकडे तरंगत निघाली आहे असं वाटलं. किती वेळ बघत बसलो, कळलंच नाही.

थेंब पडले तेव्हा उठलो. खाली पलंगावर ठिबकायला लागलं होतं, आणि ठेवायला एकही रिकामं भांडं नव्हतं. शेवटी पलंगच सरकवला.

यादीत पहिलं काम अजून तेच आहे: भेग बुजवणे.