खात्रीची पाटली

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी कतारमध्ये दोह्याच्या विद्यापीठात क्ष-किरणांनी धातूंची पारख करायचो. तिथल्या मराठी मंडळींना माझं संशोधन कळत नव्हतं आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. पण यंत्र सोन्यातली भेसळ पकडतं, एवढं बायकोने बरोबर हेरलं. सोन्याच्या सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, घेतलेली नवी बांगडी तपासायला ती शुक्रवारच्या सुट्टीत थेट प्रयोगशाळेत हजर!

मी ऐटीत म्हणालो, "तुलनेला खात्रीचं सोनं लागतं. लग्नात आईने तुला घातलेली पाटली काढ. आमचा सोनार पिढीजात आहे."

तिने ती काढून दिली. सूकची बांगडी दुकानदाराने सांगितली तशीच निघाली. पाटलीच्या आलेखात मात्र सोन्याशेजारी तांब्याचं भलंमोठं शिखर दिमाखात उभं राहिलं. मी पाटली पुसली, पुन्हा लावली, यंत्रावर खेकसलो. तांबं ढिम्म हललं नाही.

"यंत्रात बिघाड असेल," मी पुटपुटलो.

"असेल हो," पाटली हातात चढवत ती म्हणाली. "पण तुमच्या आईंनी खात्रीचं म्हणून आणखी एक दिलंय मला. त्यालाही एकदा यंत्राखाली बसवा."