त्या घरात आजी नव्हती

सुनेला वाशीमच्या बँकेत नोकरी लागली आणि घरात एकच प्रश्न उरला, लेकराला सांभाळायचं कोणी? उरला म्हणजे माझ्याच डोक्यात उरला, कारण मला तो कोणी विचारलाच नाही. मी रोज वाट पाहायचे. भाजी निवडताना वाटायचं, आता कोणीतरी जवळ येऊन बसेल आणि विषय काढेल. मुलगा आणि सून आपसात खुसुरफुसुर करायचे आणि मी आले की गप्प. लेकरू अनसिंगला विहीणबाईंकडे ठेवायचा बेत असणार, अशी माझी खात्री झाली. मग मी भांडी आपटली. तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी आमचं कापडाचं दुकान बंद होतं. सुनेने टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा लावला. "आई, बसा ना तुमी. मस्त हाय. दुसरा भाग हाय हा."

"पह्यला मी कुठं पाह्यला?"

"काही अडत नाही. समजते."

मला काही समजेना. अख्ख्या कुटुंबाच्या अंगात अचाट शक्ती. आई रबरासारखी ताणली जाते, तिला बाहेर मोठं काम मिळतं, आणि धडधाकट बाप घरी लेकरामागे धावून धावून अर्धा होतो. लेकरू तरी कसलं, मधेच पेट घेतं, मधेच भिंतीतून पार. मुलगा पोट धरून हसत होता. पडद्यावरची आई मोटारसायकलवर सुटली की सून पुढे सरकून बसायची. ज्याच्यासाठी कार्टून लावलं म्हणावं, तो नातू तर तिच्या मांडीवर झोपून गेलेला. हे दोघं मात्र आपल्याच घरातलं काही चाललंय अशा नजरेने बघत होते.

मी वेगळंच शोधत होते. यांची म्हातारी कुठे आहे? बाप रात्र रात्र जागतोय आणि आजी काय करतेय? देवळात गेली असेल म्हणून मी वाट पाहिली. मग एक बुटकी, चष्मेवाली, तोंडाळ बाई आली, तिने लेकरू रात्रभर ठेवून घेतलं, आणि मला हायसं वाटलं. ठसका अगदी आजीचाच.

"हे त्याची माय हाय काय?" मी विचारलं.

"नाही व आई," मुलगा म्हणाला. "ते त्यायचे कपडे शिवते."

म्हणजे लेकरू शिंपिणीकडे ठेवतील, पण आजीचं नाव नाही! शेवटपर्यंत आजी आलीच नाही. तो मला टोमणा होता की नुसताच सिनेमा, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून सकाळच्या एसटीने गेली. मुलाने लेकरू कडेवर घेतलं, दुधाची बाटली पिशवीत टाकली आणि सरळ दुकानात निघाला. "येतो व आई," एवढंच. दुकान घरापासून जवळच, लेकरू मोठ्याने रडलं तर ऐकू येतं. मी कान देऊन बसले. लेकरू रडावं म्हणून मी वाट पाहत होते, हे लिहायला लाज वाटते, पण पाहत होते. ते रडलं नाही.

शेवटी मीच उठून गेले. काउंटरच्या मागे साडीची झोळी बांधलेली. मुलगा एका हाताने झोका देत दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता. चांगलं जमत होतं त्याला. मला कौतुक वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण डोळ्यांत पाणी कशाचं आलं कोण जाणे.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "मले काहून नाही विचारलं रे?"

तो बावरला. "तू नाही म्हणशील, याचं भेव वाटे. तू नाही म्हटलं असतं त तिनं नोकरी घेतलीच नसती."

माझ्या एका शब्दाला या घरात एवढं वजन आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मंग आता विचार," मी म्हणाले.

"सांभाळशील काय व आई?"

"माह्याच्यानं नाही होत," मी म्हणाले. तोंडाची सवय, दुसरं काय. तो माझ्याकडे बघून हसायला लागला, कारण तोवर मी झोळीतून लेकरू उचलून खांद्यावर घेतलं होतं.